अमेरिकेतलं चाइल्ड टॅक्स क्रेडिट बदललंय, पण तुमच्या घरात नेमकं किती येणार ते असं काढा

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत तो मोठा टॅक्सचा कायदा झाला तेव्हापासून आपल्या मराठी ग्रूप्सवर एकच फॉरवर्ड फिरतोय, "आता प्रत्येक मुलामागे २,२०० डॉलर मिळणार". अर्धं खरं आहे. आकडा २,००० वरून २,२०० झाला हे बरोबर, पण आपल्यासारख्या एच-१बी, एल-१ या नोकरीच्या व्हिसावरच्या आणि ग्रीन कार्डच्या रांगेतल्या घरांना त्या वाढलेल्या दोनशेपेक्षा दुसऱ्याच गोष्टींनी जास्त फरक पडतो: मुलाकडे एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) आहे की आयटीआयएन (एसएसएन मिळत नाही त्यांना अमेरिकेचा टॅक्स विभाग, म्हणजे आयआरएस, देतो तो टॅक्सपुरता नंबर), मूल कुठल्या सालचं आहे, आणि तुमचं उत्पन्न कुठल्या पट्ट्यात बसतंय. एकाच कंपनीत एकाच पगारावर असलेल्या दोन घरांत वर्षाला तीन-साडेतीन हजारांचा फरक पडू शकतो आणि दोघांनाही तो का पडतो ते माहीत नसतं. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय, आपापल्या घराचा हिशोब सोबत करत वाचा.

आधी एक गोष्ट क्लिअर करू, कारण भारतातून नवीन आलेल्या प्रत्येकाचा इथे गोंधळ होतो. आपल्याकडे ८०सी मध्ये मुलांच्या शाळेची ट्यूशन फी दाखवतो ना, ते डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून वजावट. हे क्रेडिट आहे, म्हणजे टॅक्स काढून झाल्यावर त्या टॅक्समधून सरळ वजा. २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये २,२०० च्या डिडक्शनने पाचशेच्या आसपास वाचले असते, क्रेडिटने पूर्ण २,२०० वाचतात. त्यामुळे याच्यासाठी थोडे कष्ट घ्यायला काहीच हरकत नाही.

आतापर्यंत काय काय झालं

हे क्रेडिट १९९७ च्या कायद्याने आलं, १९९८ ला मुलामागे ४०० डॉलर होतं, मग वाढत वाढत १,००० झालं. २०१८ पासून ते २,००० केलं आणि उत्पन्नाची मर्यादाही खूप वर नेली, पण त्याच वेळी एक अट घातली जी आपल्या लोकांना सगळ्यात जास्त लागली, ती म्हणजे मुलाकडे नोकरीसाठी ग्राह्य असलेला सोशल सिक्युरिटी नंबर पाहिजे. त्याआधी आयटीआयएनवालं, म्हणजे एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) आलेलं मूलसुद्धा या क्रेडिटमध्ये बसायचं. २०१८ नंतर त्या मुलांना फक्त ५०० डॉलरचं दुसरं क्रेडिट उरलं, ज्याला क्रेडिट फॉर अदर डिपेंडंट्स म्हणतात.

२०२१ हे वर्ष वेगळंच होतं. कोविडच्या पॅकेजमध्ये सहा वर्षांखालच्या मुलाला ३,६०० आणि मोठ्यांना ३,००० केले, सतरा वर्षांच्या मुलांनाही घेतलं आणि अर्धे पैसे जुलै ते डिसेंबर दर महिन्याला बँकेत टाकले, लहान मुलामागे ३००, मोठ्यामागे २५०. ते फक्त त्या एका वर्षापुरतं होतं. अजूनही कुणीतरी विचारतं की ते महिन्याचे पैसे कधी सुरू होणार, तर नाही, नव्या कायद्यात तसलं काही नाही. २०२२ पासून परत २,००० आणि वर्षातून एकदाच, रिटर्नमध्ये.

आता ४ जुलै २०२५ च्या कायद्याने काय केलं तर २०२५ च्या टॅक्स वर्षापासून २,२०० केले, पुढच्या वर्षांत महागाईनुसार वाढ होईल अशी सोय केली, आणि हे सगळं कायमचं केलं (नाहीतर २०२५ संपल्यावर परत १,००० वर जाणार होतं, म्हणजे खरा वाचलेला पैसा तिथे आहे). उत्पन्नाची मर्यादा तीच ठेवली, जॉइंट रिटर्नला (नवराबायकोचं एकत्र) ४ लाख डॉलर आणि बाकीच्यांना २ लाख. आणि एक नवीन अट आली की आता आईवडिलांपैकीही निदान एकाकडे नोकरीसाठी ग्राह्य एसएसएन पाहिजे, जॉइंट रिटर्न असेल तर दोघांपैकी एकाचा चालतो. म्हणजे नवरा एच-१बी वर आणि बायको एच-४ वर आयटीआयएनने असेल तर काळजी नाही, नवऱ्याच्या नंबरवर भागतं. पण आयटीआयएनवाली आई वेगळी राहतेय, वेगळं रिटर्न भरतेय आणि अमेरिकेत जन्मलेलं मूल तिच्याकडे आहे, तर मुलाचा एसएसएन असूनही तिला हे क्रेडिट मिळणार नाही. आपल्यात घटस्फोटाचं उघड बोलत नाहीत म्हणून हे मुद्दाम लिहितेय, सेटलमेंट चालू असताना वकिलाला हा प्रश्न जरूर विचारा.

तुमचं मूल कुठल्या खान्यात बसतं

कागद घ्या आणि प्रत्येक मुलाचं नाव लिहा, पुढे जन्मसाल आणि नंबर कुठला आहे ते.

अमेरिकेत जन्मलेलं, एसएसएन असलेलं, वर्षअखेरीला सतरा पूर्ण न झालेलं, अर्ध्या वर्षापेक्षा जास्त तुमच्याकडे राहिलेलं मूल, हे पूर्ण २,२०० वालं. ३१ डिसेंबरला रात्री जन्मलेलं बाळसुद्धा त्या पूर्ण वर्षासाठी मोजलं जातं. हॉस्पिटलमध्ये जन्म नोंदणीचा फॉर्म देतात त्यातच बाळाला सोशल सिक्युरिटी नंबर हवाय का असं विचारलेलं असतं, तिथे हो करा, कार्ड पोस्टाने घरी येतं. बाळंतपणाच्या गडबडीत ते राहून गेलं तर मग स्वतः ऑफिसात जाऊन अर्ज करत बसावं लागतं.

एच-४ किंवा एल-२ वर (एल-१ वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) आलेलं मूल, ज्याला एसएसएन मिळत नाही, त्याचे ५०० डॉलर. पण तेही आपोआप नाही, त्यासाठी आयटीआयएन काढावा लागतो, फॉर्म डब्ल्यू-७, तो टॅक्स रिटर्नसोबतच जोडून पाठवायचा आणि रिटर्नच्या मुदतीच्या आत. मुलाचा मूळ पासपोर्ट पोस्टाने पाठवायची वेळ येऊ देऊ नका, आयआरएसने मान्यता दिलेले एजंट असतात ते पासपोर्ट समोर बघून प्रमाणित करून देतात, नाहीतर आयआरएसच्या स्थानिक ऑफिसची अपॉइंटमेंट घ्या. शाळेचा रेकॉर्ड किंवा लहान मुलाचा डॉक्टरकडचा रेकॉर्डही जवळ ठेवा, मूल इथे राहतंय हे दाखवायला लागू शकतो. आणि हो, आयटीआयएन लागोपाठ तीन वर्षं रिटर्नमध्ये वापरला नाही तर संपतो, त्यामुळे मधे दोन-चार वर्षं भारतात जाऊन आलेल्यांनी आधी ते तपासा.

नुकतेच आलेल्यांसाठी एक सांगायचं राहतं. ऑक्टोबरमध्ये कुटुंब आलं असेल तर त्या वर्षी मूल टॅक्सच्या दृष्टीने अमेरिकेचं रेसिडेंट होतंच असं नाही, दिवसांची टेस्ट असते (त्या वर्षीचे सगळे दिवस, आदल्या वर्षीचे एक तृतीयांश, त्याच्या आदल्या वर्षीचे एक षष्ठांश, मिळून १८३). नवराबायको मिळून आम्हाला पूर्ण वर्ष रेसिडेंट समजा असा पर्याय घेऊ शकतात पण तो पर्याय फक्त नवराबायकोपुरता असतो, मुलांना तो लागू होत नाही. सॉफ्टवेअर हे विचारत नाही आणि आपण बिनधास्त टिक करून मोकळे होतो.

मूल आजीआजोबांकडे पुण्याला किंवा नाशिकला ठेवलंय, ही परिस्थिती आपल्यात खूप घरांत असते, त्याबद्दल कुणी बोलत नाही एवढंच. मूल अमेरिकन नागरिक असलं, एसएसएन असला, तरी अर्ध्या वर्षाहून जास्त तुमच्या घरात राहण्याची अट आहेच. शिक्षण, आजारपण, सुट्टी अशा कारणांनी तात्पुरतं बाहेर असणं चालतं, पण दोन वर्षांचं बाळ पूर्ण वर्षभर आजीकडे ठेवून दोघं इथे नोकरी करताय आणि परत कधी आणायचं ठरलेलंच नाही, त्याला तात्पुरतं म्हणणं अवघड आहे. अशा केसमध्ये स्वतः ठरवू नका, सीपीएला, म्हणजे इथल्या सीएला, पैसे द्या आणि लेखी घ्या. आणि जे मूल भारतीय नागरिक आहे आणि भारतातच राहतंय त्याचं इथे काहीच मिळत नाही, ५०० सुद्धा नाही.

एसएसएन मिळतो तो दिवस

आता माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात जास्त पैशाचा मुद्दा. ग्रीन कार्डच्या रांगेत तारीख येते, आय-४८५ म्हणजे ग्रीन कार्डचा अर्ज भरता येतो, तेव्हा एच-४ वरच्या मुलाचाही ईएडी म्हणजे वर्क परमिट काढता येतो. खूप पालक म्हणतात की सहा वर्षांच्या पोराला वर्क परमिट कशाला हवा, फी कशाला भरा. पण त्या ईएडीवर एसएसएन मिळतो (ईएडीच्या आय-७६५ फॉर्ममध्येच एसएसएन हवाय का अशी विचारणा असते), आणि एसएसएन मिळाला की तेच मूल ५०० वरून २,२०० वर जातं, दरवर्षी, सतरा वर्षांचं होईपर्यंत. सहा वर्षांचं पोर असेल तर किती वर्षं ते तुम्हीच मोजा.

त्या एसएसएन कार्डवर इंग्रजीत एक ओळ छापलेली असते, की हे कार्ड डीएचएसच्या (होमलँड सिक्युरिटी विभाग) परवानगीसोबतच कामासाठी वैध. ती ओळ बघून लोक घाबरतात की हा नंबर चालणार नाही. चालतो, पण जोपर्यंत ती परवानगी जिवंत आहे तोपर्यंत. म्हणून मुलाचा ईएडी संपू देऊ नका. आधी आय-४८५ वाल्यांना पाच वर्षांचा ईएडी मिळायचा, डिसेंबर २०२५ पासून नवीन ईएडी जास्तीत जास्त अठरा महिन्यांचा केलाय, आणि नुसता रिन्यूअलचा अर्ज टाकला की आपोआप मिळणारी मुदतवाढही ऑक्टोबर २०२५ च्या शेवटापासून नवीन अर्जांना बंद झाली. तेव्हा आईबाबांच्या ईएडीसोबत पोराचाही रिन्यूअल कॅलेंडरवर टाका. दुसरीकडे ज्या कार्डवर सरळ नोकरीसाठी वैध नाही असं छापलेलं असतं, तो नंबर या क्रेडिटला चालत नाही.

हिशोब करून बघू. समजा न्यू जर्सीत एक घर, एकच पगार, वर्षाला १,३०,००० डॉलर, थोरली मुलगी एच-४ वर, धाकटा इथे जन्मलेला. २०२५ साठी जॉइंट स्टँडर्ड डिडक्शन (ठरावीक वजावट) ३१,५०० जाऊन ९८,५०० वर टॅक्स लागतो, तो येतो साधारण ११,५०० डॉलर. धाकट्याचे २,२०० आणि थोरलीचे ५०० वजा केले की उरतात ८,८००. पुढच्या वर्षी थोरलीचा एसएसएन आला आणि बाकी सगळं तसंच राहिलं तर ४,४०० वजा होऊन ७,१००. फरक १,७००, तोही घरात काहीही न बदलता, फक्त एका नंबरमुळे. कायद्यातल्या वाढीने याच घराला धाकट्याचे फक्त २०० जास्त मिळाले.

एसएसएन रिटर्नच्या मुदतीआधी मिळालेला असला पाहिजे, एक्सटेन्शन धरून. म्हणजे मार्चमध्ये पोराचा ईएडी आलाय, एसएसएनचं कार्ड अजून यायचंय आणि १५ एप्रिल तोंडावर आलाय, तर घाईत आयटीआयएनने रिटर्न भरून टाकू नका, फॉर्म ४८६८ भरून ऑक्टोबरपर्यंत एक्सटेन्शन घ्या. भरायचा टॅक्स मात्र एप्रिलमध्येच भरावा लागतो, एक्सटेन्शन फक्त कागदाला असतं. मुदत गेल्यावर नंबर मिळाला तर नंतर रिटर्न दुरुस्त करूनही त्या वर्षाचे पैसे मागता येत नाहीत, हे लक्षात ठेवा.

सतरावं वर्ष

२०२५ च्या रिटर्नसाठी २००९ किंवा नंतर जन्मलेली मुलं चालतात, २०२६ साठी २०१० किंवा नंतरची. मूल ज्या वर्षात सतरा पूर्ण करतं त्या वर्षापासूनच क्रेडिट बंद, डिसेंबरमधला वाढदिवस असला तरी. मग ५०० वालं दुसरं मिळतं, म्हणजे एका झटक्यात १,७०० कमी, तेही नेमके एसएटीचे क्लास, कॉलेजच्या अर्जाच्या फिया, ड्रायव्हिंग आणि कार इन्शुरन्स सुरू होतात तेव्हा. ५०० चा आकडा महागाईनुसार वाढतही नाही. मुलगा दहावीत गेला की आदल्या वर्षीच पगारातली कपात दुरुस्त करून ठेवा, नाहीतर एप्रिलमध्ये अचानक पैसे भरायची वेळ येते.

ती दुरुस्ती म्हणजे डब्ल्यू-४, जो आपण जॉइन होताना एकदा भरतो आणि विसरून जातो. त्यातल्या तिसऱ्या पायरीत मुलांचं क्रेडिट लिहायचं असतं, लिहिलं की पगारातून टॅक्स तेवढा कमी कापतात. दोन मुलांचे ४,४०० लिहिले आणि पगार दर दोन आठवड्यांनी येत असेल तर प्रत्येक चेकमध्ये साधारण १६९ डॉलर जास्त येतात. दोघं नोकरी करत असाल तर एकाच्याच डब्ल्यू-४ मध्ये लिहा, शक्यतो ज्याचा पगार जास्त त्याच्या, दोघांनी लिहिलं तर दुप्पट वजा होतं आणि वर्षअखेरीला परत भरावं लागतं. एच-४ मुलापुढे २,२०० लिहू नका, त्याचे ५०० च.

डब्ल्यू-४ मध्ये लिहून दर महिन्याला घ्यायचे की एप्रिलमध्ये एकदम रिफंड घ्यायचा, यावर घराघरात वाद असतात. माझं स्पष्ट मत, क्रेडिट कार्डवर व्याज चढतंय किंवा डेकेअरचं बिल भरताना ओढाताण होतेय तर महिन्याला घ्या. आणि व्हिसावर असाल तर हे वाढीव पैसे पहिल्यांदा वेगळ्या सेव्हिंग्ज अकाउंटला टाका, नोकरी गेल्यावर एच-१बी ला ६० दिवसांचा ग्रेस असतो आणि त्या दोन महिन्यांत भाडं, गाडीचा हप्ता, भारताची तिकिटं सगळं एकदम येतं. ५२९ प्लॅन (मुलांच्या शिक्षणासाठीची बचत) त्यानंतर.

चार लाखांच्या वर असाल तर

बे एरिया, सिअ‍ॅटल, दोघंही टेकमध्ये, आरएसयू (कंपनीकडून मिळणारे शेअर) व्हेस्ट झाले, म्हणजे हातात आले, की उत्पन्न चार लाख ओलांडतं. तिथून पुढे प्रत्येक हजार डॉलरमागे (किंवा त्याच्या भागामागे) ५० डॉलर क्रेडिट कमी होत जातं. उदाहरण घ्या, जॉइंट ४,२५,०००, दोन मुलं. वरचे २५,००० म्हणजे २५ गुणिले ५०, १,२५० कमी, हातात राहिले ४,४०० पैकी ३,१५०. दोन मुलांचं क्रेडिट पूर्ण शून्य होतं ते ४,८७,००० ओलांडल्यावर.

या पट्ट्यात असाल तर ट्रॅडिशनल ४०१के (ऑफिसमधून मिळणारं रिटायरमेंटचं खातं) आणि एचएसए (औषधोपचाराच्या खर्चाचं बचत खातं) यांचा फायदा नेहमीपेक्षा जास्त होतो, कारण ते पैसे टॅक्सच्या उत्पन्नातूनच जातात. वरच्या उदाहरणातलं घर २४ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहे, पण ४०१के मध्ये टाकलेल्या प्रत्येक हजारावर २४० अधिक क्रेडिटचे ५० वाचतात, म्हणजे २९ टक्के. २०२६ ला ४०१के ची मर्यादा माणशी २४,५०० आहे. दोघांनीही रॉथमध्ये (टॅक्स भरून झालेले पैसे टाकायचा पर्याय) टाकायची सवय लावली असेल तर या वर्षांपुरतं तरी परत बघा, रॉथने उत्पन्न कमी होत नाही.

आणि भारतातलं व्याज विसरू नका. एनआरई एफडीचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत रेसिडेंट असाल तर इथे ते उत्पन्नच आहे, रिटर्नमध्ये दाखवायचंच असतं आणि मर्यादेच्या काठावर असाल तर तेही तुम्हाला वर ढकलतं. (भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबीएआर (परदेशी खात्यांचा रिपोर्ट) वेगळा भरायचा, ते या क्रेडिटशी संबंधित नाही पण इथे आठवण करून देते.)

पगार कमी झाला, नोकरी गेली तर

इथे रिफंडेबल हा मुद्दा येतो. २,२०० पैकी जेवढा तुमचा टॅक्स आहे तेवढा आधी त्यातून वजा होतो, आणि टॅक्सच नसेल तर उरलेल्यातले जास्तीत जास्त १,७०० डॉलर (२०२५ चा आकडा) मुलामागे रोख परत मिळू शकतात. त्याला ॲडिशनल चाइल्ड टॅक्स क्रेडिट म्हणतात. अट अशी की कमावलेलं उत्पन्न २,५०० च्या वर पाहिजे, आणि वरच्या रकमेच्या १५ टक्क्यांपर्यंतच मिळतं. ५०० वालं क्रेडिट मात्र रिफंडेबल नाही, टॅक्स शून्य असेल तर ते वाया जातं.

समजा मार्चमध्ये ले-ऑफ झाला आणि वर्षाचा पगार ३५,००० वरच थांबला, घरात इथे जन्मलेलं एक मूल. स्टँडर्ड डिडक्शन जाऊन ३,५०० उरतात, त्यावर साडेतीनशेच्या आसपास टॅक्स, तो क्रेडिटने शून्य झाला आणि वर १,७०० हातात. पगारातून आधीच कापलेला टॅक्स परत मिळतो तो वेगळा. अनएम्प्लॉयमेंटचे पैसे मिळाले असतील तर त्यावर टॅक्स लागतो पण ते कमावलेलं उत्पन्न धरत नाहीत. हे रिफंडेबल क्रेडिट असलेल्या रिटर्नचा रिफंड कायद्यानेच फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रोखलेला असतो, जानेवारीत भरलं तरी, त्यामुळे फेब्रुवारीचं भाडं त्याच्या भरवशावर ठेवू नका.

व्हिसावाल्यांनी आणखी एका गोष्टीवर लक्ष ठेवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रेझरीने जाहीर केलं की काही क्रेडिट्सचा रिफंडेबल भाग हा सरकारी मदत समजला जाईल आणि जे इमिग्रेशनच्या भाषेत क्वालिफाइड नाहीत अशांना तो देऊ नये असे नियम आणणार, २०२६ च्या टॅक्स वर्षापासून. ग्रीन कार्डवाले क्वालिफाइडमध्ये येतात, एच-१बी वाले येत नाहीत. चांगला पगार चालू असलेल्या घराचं सगळं क्रेडिट टॅक्समधूनच वजा होतं त्यामुळे त्यांना याचा त्रास नाही, पण वर सांगितलं तसं ले-ऑफचं वर्ष असेल तर तो १,७०० वाला आधार धरून चालू नका, त्या वर्षीच्या शेड्यूल ८८१२ च्या (या क्रेडिटचा फॉर्म) सूचना उघडून वाचा.

याच्या जवळच्या दोन-तीन गोष्टी

डेकेअरचं क्रेडिट वेगळं, त्याचा या २,२०० शी संबंध नाही, दोन्ही घेता येतात. ऑफिसमधून डिपेंडंट केअर एफएसए (टॅक्स कापायच्या आधी पगारातून डेकेअरसाठी बाजूला काढायचे पैसे) मिळत असेल तर त्याची मर्यादा २०२६ पासून ५,००० ची ७,५०० झालीय, आणि २०२१ चं एक वर्ष सोडलं तर इतकी वर्षं तो आकडा हलतच नव्हता म्हणून ही बातमी मला २,२०० पेक्षा मोठी वाटते. २२ टक्क्यांचा स्लॅब आणि वर ७.६५ टक्के सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर धरलं तर पूर्ण ७,५०० टाकल्यावर साधारण २,२०० वाचतात, म्हणजे जवळपास आणखी एका मुलाचं क्रेडिट. मूल तेरा वर्षांखालचं पाहिजे आणि नवराबायको दोघंही कमावते पाहिजेत किंवा एक जण फुलटाइम विद्यार्थी. बायको एच-४ वर घरी असेल, ईएडी नसेल, शिकतही नसेल तर हे मिळत नाही, ओपन एन्रोलमेंटला (ऑफिसात दरवर्षी हे पर्याय निवडायची वेळ) उगीच टाकू नका.

राज्याचंही क्रेडिट असतं का ते बघा. न्यू जर्सीत पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे पण ८०,००० पर्यंतच्याच उत्पन्नाला. मॅसॅच्युसेट्समध्ये तेरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे ४४० डॉलर, उत्पन्नाची मर्यादा नाही, तरी बॉस्टनकडच्या आपल्या कितीतरी लोकांना हे माहीत नसतं. टेक्सास, वॉशिंग्टनला पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही.

१ जानेवारी २०२५ ते ३१ डिसेंबर २०२८ मध्ये जन्मलेल्या, नागरिक असलेल्या बाळांना नव्या ट्रम्प अकाउंटमध्ये (मुलाच्या नावाचं गुंतवणुकीचं खातं) सरकारकडून एकदा १,००० डॉलर आहेत. आईवडील नागरिक नसले तरी चालतं, बाळाचा एसएसएन पाहिजे आणि फॉर्म ४५४७ भरावा लागतो. ते पैसे मूल अठराचं होईल त्या वर्षापर्यंत अडकलेले असतात. फुकटचे हजार घ्या, स्वतःचे टाकायचे की नाही ते ५२९ शी तुलना करून मग ठरवा.

आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांचे ५०० डॉलर मिळतात का, हा प्रश्न दरवर्षी येतो. त्यांना आधी टॅक्सच्या दृष्टीने इथले रेसिडेंट व्हावं लागतं, त्यांचं स्वतःचं उत्पन्न २०२५ साठी ५,२०० डॉलरच्या आत पाहिजे, तुम्ही त्यांचा निम्म्याहून जास्त खर्च करत असला पाहिजे, आणि आयटीआयएन पाहिजे. बाबांना पेन्शन आणि एफडीचं व्याज असेल तर बहुतेक तिथेच विषय संपतो. शिवाय रेसिडेंट झाले की त्यांचं भारतातलं सगळं उत्पन्न अमेरिकेच्या हिशोबात येतं. ५०० साठी त्यांना त्यात ओढू नका.

रिटर्न भरताना

फॉर्म १०४० वर मुलांच्या नावाजवळ दोन चौकोन असतात, एक चाइल्ड टॅक्स क्रेडिटचा, एक दुसऱ्या डिपेंडंटचा. सॉफ्टवेअर भरा किंवा सीपीएकडून करून घ्या, सही करायच्या आधी पीडीएफ उघडून प्रत्येक मुलापुढे बरोबर चौकोनात खूण आहे का ते स्वतः बघा. गेल्या वर्षीचा डेटा तसाच पुढे येतो, त्यामुळे एसएसएन मिळालेल्या मुलापुढे जुना आयटीआयएन राहतो आणि ५०० वरच रिटर्न जातं. एसएसएन मिळाल्यावर आयटीआयएन वापरायचा नाही आणि आयआरएसला पत्र लिहून तो रद्द करायला सांगायचा असतो. गेल्या तीन वर्षांत पात्र असूनही काही राहून गेलं असेल तर १०४०-एक्स (दुरुस्त रिटर्न) भरून मागता येतं, फक्त तो नंबर तेव्हाच्या मुदतीच्या आत मिळालेला पाहिजे.

एका फोल्डरमध्ये मुलाचं एसएसएन कार्ड, ईएडीच्या दोन्ही बाजूंची कॉपी, शाळेचं तुमच्या पत्त्यावर आलेलं पत्र आणि डॉक्टरकडचा एखादा कागद दरवर्षी टाकत जा. आयआरएसने विचारलं तर हेच मागतात, मूल कोणाचं आणि कुठे राहतं. चुकीचं क्रेडिट घेतलं आणि ते बेपर्वाईने किंवा जाणूनबुजून नियम डावलून घेतलं असं ठरलं तर दोन वर्षं बंदी येते, फसवणूक ठरली तर दहा वर्षं, आणि त्यानंतर परत मागताना फॉर्म ८८६२ जोडावा लागतो. ग्रीन कार्डची फाइल चालू असताना टॅक्सच्या रेकॉर्डवर असलं काही नको, त्यामुळे शंका असेल त्या मुलाचं क्रेडिट आधी विचारून मगच लावा.